चतुर्दशीचा तांब्या

आमच्या आप्पांवर मी आयुष्यात एकदाच ओरडले, आणि तेही दवाखान्याच्या भरल्या व्हरांड्यात. लोक म्हणाले असतील, बापावर तोंड टाकते आणि म्हणे शाळेत शिकवते. म्हणोत बापडे. त्या दिवशी घडलंच होतं तसं, आणि उद्या पुन्हा तसं घडलं तर मी पुन्हा ओरडेन. फक्त ओरडून घ्यायला आता आप्पा नाहीत, एवढीच काय ती अडचण.

आप्पा सदलग्याचे. नदीकाठची उसाची जमीन आणि गावातल्या बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, रोजचा अभिषेक. लग्नाच्या आधीपासून त्यांनी तो धरला होता. उसाला पाण्याची पाळी असो, घरात पाव्हणे असोत, पहाटे विहिरीवर अंघोळ, सोवळं नेसणं आणि थेट गाभारा. मी लहान असताना त्यांच्या परतण्यानेच माझी सकाळ व्हायची. हातातल्या छोट्या वाटीत गंधोदक, म्हणजे मूर्तीवरून आलेलं पाणी असायचं. अंथरुणातच आप्पा माझ्या पापण्यांना ते लावायचे. थंडीच्या दिवसांत ते बोट डोळ्याला लागलं की मी किंचाळायचे, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "झाली बघा आरती सुरू." आईही गेली. त्या घरातलं किंचाळणंही गेलं.

मी लग्न होऊन बेळगावला आले. टिळकवाडीत आमचा फ्लॅट आहे, आणि मी हायस्कूलला गणित शिकवते. आप्पा वर्षातून एखाद्या वेळी यायचे, दुपारी जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. शहरात त्यांना करमायचं नाही. राहायला आले ते आजारपणामुळेच.

परसाकडेला रक्त जात होतं ते त्यांनी वर्षभर मूळव्याध म्हणून अंगावर काढलं. कुणी सुरणाचा उपाय सांगितला, पण आम्हा जैनांना कंद वर्ज्य, म्हणून तो चालला नाही. कुणी पाला दिला, तो चालला. शेवटी मी त्यांना ओढूनच आणलं म्हणा ना. दुर्बीण झाली, तुकडा तपासायला गेला आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गुदाशयात कॅन्सरची गाठ आहे आणि ती फार खाली आहे. आधी पाच आठवडे किरणांचा उपचार, सोबत गोळ्या, मग काही आठवडे थांबायचं आणि मग ऑपरेशन. गाठ चांगली आकसली तर नैसर्गिक वाट वाचवता येईल. नाही आकसली तर ती वाट कायमची बंद करून पोटावर पिशवी बसवावी लागेल.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. वाचेन का, किती खर्च येईल, यातलं काहीही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "पिशवी बसली तर अभिषेक करता ईल काय वो बाई?"

डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या. त्यांना मराठी कळत होतं, प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या, "सगळी कामं करता येतात, आजोबा." आप्पांनी मान हलवली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बस्तीत मला कोण न्हाय म्हणायचं न्हाय गं. पर माझं मलाच पटायचं न्हाय. अंगाला पिशवी लावून मी देवाला हात लावायचो न्हाय."

मी त्यांच्याशी हुज्जत घातली नाही. आप्पांचं 'न्हाय' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मनात एवढंच ठरवलं, की मग पिशवी बसता कामा नये.

गावाकडे या उपचाराला 'करंट देणं' म्हणतात. आप्पांनाही आधी वाटलं होतं, विजेचा झटका बसणार. तसलं काही नसतं. टेबलावर उताणं झोपायचं, गुडघ्यांखाली उशी, कमरेवर गोंदलेले बारीक ठिपके भिंतीतून येणाऱ्या हिरव्या रेघांशी जुळवायचे. मग यंत्र अंगाभोवती एक फेरी मारतं आणि पोटातलं चित्र काढतं. हे चित्र रोज काढतात. पहिल्या दिवशी ठरवलेल्या चित्राशी ते जुळलं तरच किरण सोडतात. आणि ते जुळायला दोन गोष्टी लागतात : पोट साफ झालेलं हवं आणि लघवीची पिशवी पाण्यानं भरलेली हवी. मशीनवरच्या मुलीनं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, रोज तेवढंच पाणी, रोज त्याच वेळी.

झालं, आमचा संसार त्या पाण्याभोवती फिरायला लागला. आप्पा दवाखान्यातल्या फिल्टरचं पाणी पिणार नाहीत. गाळलेलं आणि उकळलेलंच पाणी लागतं. म्हणून मी पहाटे उठून पातेलंभर पाणी गाळून उकळायचे, निववायचे, आणि निघायच्या आधी त्यांच्या पितळी तांब्यातून त्यांना द्यायचे. तो तांब्या ते गावाहून पिशवीत घालून घेऊन आले होते, जणू माझ्या घरी भांडीच नव्हती. आप्पा बाल्कनीत बसून तो सावकाश संपवायचे, मग स्कूटरवर माझ्या मागे बसायचे, आणि आम्ही रेल्वे गेटाकडे निघायचो.

टिळकवाडीत राहणाऱ्याला गेट म्हणजे काय ते सांगायला नको. घाई असली की ते बंद असतं. पोटात तांब्याभर पाणी, समोर मालगाडी, आणि ती एकदा सुरू झाली की संपता संपायची नाही. आप्पा मागून माझा खांदा आवळायचे.

"लई लांब गाडी हाय गं."

"धरून बसा आप्पा."

"धरूनच बसलोय की."

मी हसायचे, आणि मला हसताना बघून त्यांनाही हसू यायचं. हसलं की आणखी पंचाईत. मागचे रिक्षावाले बघत राहायचे, की ही बाई आणि हा म्हातारा बंद गेटासमोर कशाला खिदळतायत. खरं सांगते, पोरगी म्हणून बापाबरोबर इतकी हसले ते त्या पाच आठवड्यांतच. लहानपणी आप्पा शेतात असायचे नाहीतर बस्तीत. आजारानं मला बाप दिला, असं म्हणणं बरं दिसत नाही, पण तसंच झालं.

संध्याकाळी मी शाळेतून धावत यायचे, कारण दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायला हवं. कांदा-बटाटा वर्ज्य, त्यात आता गॅस होणारं सगळं वर्ज्य. मऊ भात, दुधी, ताक. जेवून आप्पा बाल्कनीत जास्वंदीच्या कुंडीशी बसायचे. त्या जास्वंदीची आणि त्यांची गट्टी जमली होती. वाळलेली पानं खुडायचे, माती उकरायचे आणि तिच्याशीच बोलल्यासारखे जुनं काहीबाही सांगायचे. आई लग्नात कशी रुसली होती ते मला त्या कुंडीमुळे कळलं.

असे दोन आठवडे बरे गेले. मग चतुर्दशी आली.

आप्पा चतुर्दशीला दुपारी बारापर्यंत मौन धरतात, हे मला ठाऊक होतं. उपासही करत, पण आजारपणात कोण उपास करतं, असं मी धरून चालले. आमच्या घरात धरून चालणं धोक्याचं असतं. सकाळी मी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले, परत आले तर तांब्या रिकामा. मी खूश. गेटसुद्धा उघडं मिळालं. आज देव पावला, असं मी म्हटल्याचं आठवतं.

दवाखान्यात आप्पांना आत घेतलं. थोड्याच वेळात मशीनवरची मुलगी बाहेर आली. दारातूनच आत वळून तिनं आप्पांना कन्नडमध्ये विचारलं, "अज्जा, नीर कुडदिल्लेनु?" आजोबा, पाणी प्यायला नाहीत का? आप्पा गप्प. मग तिनं मला सांगितलं, चित्रात लघवीची पिशवी रिकामी दिसतेय, वरचं आतडं खाली उतरलंय, असा किरण सोडता येणार नाही. पाणी पाजा आणि थांबा.

"अहो, तांब्याभर प्यायलेत!" मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच मला बाल्कनीतल्या कुंडीखालची थाळी आठवली. सकाळी ती काठोकाठ भरली होती. मी ती ओतून टाकली होती, विचारसुद्धा न करता.

आप्पा बाहेर आले. मी बाटली पुढे केली. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा पुढे केली. त्यांनी डोळे मिटले.

आणि मी ओरडले. "देवाला तुमचा उपास पायजे का तुमचा अभिषेक, ते एकदा ठरवा! दोन्ही मिळायचं न्हाय! ह्या उपासापायी पिशवी बसली तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" एका बाईनं पदर तोंडाला लावला. आप्पा बाकावर बसून राहिले, हात मांडीवर. मौनाचा इतका संताप मला कधीच आला नव्हता. भांडायला तरी समोरून कुणी बोलावं लागतं.

त्या दिवशीचा किरण चुकला. आतड्यावर भलतीकडे मारण्यापेक्षा आजचा दिवस गेलेला बरा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण असे दिवस वारंवार जाऊ लागले तर गाठीला उसंत मिळते, हेही सांगितलं. उपाशीपोटी गोळीही घेतली नव्हती, त्यावरून आम्हाला वेगळं ऐकून घ्यावं लागलं. मग त्यांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एक कालचं : पाण्यानं फुगलेली पिशवी आणि तिच्यावर उचललं गेलेलं आतडं. एक आजचं : पिशवी चपटी आणि आतडं घसरून थेट गाठीपाशी आलेलं. आप्पा पुढे वाकून बराच वेळ बघत राहिले.

परतताना गेट बंद होतं. गाडी यायची होती. मागून आवाज आला, "बारा वाजले काय?"

"वाजले."

"मी खोटं बोललो न्हाय."

"बोललाच न्हाईसा, तर खोटं कुठलं बोलणार?"

गाडी येऊन गेली, गेट उघडलं, मागच्या गाड्या हॉर्न देऊ लागल्या. मी स्कूटर सुरूच केली नाही.

"त्ये पाणी म्हंजे बांध हाय," आप्पा म्हणाले. "बांध फुटला की आतडं रानात येतंय, आणि औषध मारायला गेलं की पिकावरच पडतंय. असंच न्हवं?"

"असंच."

"आधी कोण सांगिटलं न्हाय असं."

सांगितलं होतं. दहा वेळा सांगितलं होतं. पण कुणी बांध म्हणालं नव्हतं.

तरी पेच सुटला नव्हता. पंधरा दिवसांनी पुन्हा चतुर्दशी येणार होती, आणि तेव्हाही उपचार चालूच असणार होता. आप्पांनी मग मला खरी अडचण सांगितली. आमच्यात नियम घेताना छूट ठेवायची रीत आहे : आजारपणात सोडेन, प्रवासात सोडेन, औषधापुरतं पाणी घेईन. शहाणी माणसं ठेवतात. आप्पांनी विशीत, तरणेपणाच्या तोऱ्यात, चतुर्दशीचा निर्जळी उपास एका मुनिमहाराजांसमोर घेतला तो एकही छूट न ठेवता. शेजारच्या मित्रानं छूट ठेवली म्हणून यांना ठेवायची नव्हती. आणि महाराजांसमोर घेतलेला नियम आपला आपण सैल करता येत नाही.

"मग महाराजांनाच विचारू," मी म्हटलं.

रविवारी उपचार नसतो. निपाणीजवळच्या एका गावात मुनिमहाराज उतरले होते, तिथे आप्पांना घेऊन गेले. रस्ताभर मी भांडणाची तयारी केली. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला समजावतात तसं सगळं पाठ केलं. महाराज ऐकतील असं वाटत नव्हतं. स्वतः दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत जेवढं मिळेल तेवढं पाणी घेणारा माणूस. तो माझ्या बापाला तांब्याभर पी कसा म्हणेल?

आप्पांचा नियम ऐकून महाराजांनी त्यांना विचारलं, "छूट का ठेवली न्हाईस?"

"तरणा होतो महाराज."

महाराज हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, त्या पाण्यानं आत काय होतंय ते सांग. मी हातांनीच दाखवलं : ही पिशवी, हे आतडं, इथून किरण येतो. ते अगदी मन लावून बघत होते.

"म्हंजे पाणी प्यालं न्हाय तर चांगलं आतडं भाजतंय."

"व्हय महाराज."

ते आप्पांकडे वळले. "मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालतोस. तुझ्या आतड्यात जीव न्हाय व्हय रे? त्याला भाजून कसला उपास? औषध म्हणून पी. पुरा बरा झालास की पुन्हा धर. तोपर्यंत रोज एक माळ जास्त."

पाठ केलेलं माझं सगळं भाषण वाया गेलं. आप्पांनी वाकून नमोस्तु केला आणि उठताना माझा आधार घेतला. बाहेर चपला घालताना ते स्वतःशीच दोनदा म्हणाले, "औषध म्हणून, औषध म्हणून." या माणसाला पाणी प्यायला किती जड गेलं असतं, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या चतुर्दशीला मी कुकर लावलाच नाही. समोर उभी राहिले. आप्पांनी मौनातच माझ्याकडे एक नजर टाकली, तिचा अर्थ 'इश्वास न्हाय व्हय?' असा होता, आणि तांब्या तोंडाला लावला. घोटाघोटाला थांबत, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत. मशीनवरच्या मुलीनं काचेपलीकडून मला अंगठा दाखवला, तेव्हा मी भर दवाखान्यात दुसऱ्यांदा आवाज केला. या वेळी रडण्याचा.

उपचार संपला. शेवटी जळजळ झाली, थकवा आला, अन्न नको झालं, सगळं झालं. मग थांबण्याचे आठवडे आणि पुन्हा तपासणी. गाठ निम्म्याहून खूप लहान झाली होती. ऑपरेशनमध्ये वाट वाचली. पोटावर पिशवी बसली, पण जखम भरेपर्यंत, काही महिन्यांपुरती. ते महिने आप्पा बस्तीत जायचे ते बाहेरच्या मंडपात खांबाला टेकून बसायचे. कुणी आत बोलावलं तर म्हणायचे, "सुट्टी हाय माझी."

पिशवी निघाली तरी पोट पहिल्यासारखं राहिलं नाही. केव्हा जावं लागेल याचा भरवसा नाही, आणि गाभाऱ्यातून अर्ध्यात उठता येत नाही. आप्पांनी आणखी काही महिने वाट बघितली, मग स्वतःच तोड काढली. चतुर्दशीला उपास केला की दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात काही नसतं. त्या सकाळी अभिषेक करायचा. ज्या उपासानं आमचा एक दिवस खाल्ला होता, तोच कामाला आला.

पहिल्या वेळी मी मुद्दाम सदलग्याला गेले. चतुर्दशीच्या सकाळी सवयीनं माझ्या हातून तांब्या भरला गेला, आणि आप्पांपुढे धरल्यावर माझं मलाच लक्षात आलं. त्यांचं मौन चालू होतं. तांब्या घेऊन ते अंगणात गेले. माझ्या बाल्कनीतल्या जास्वंदीची फांदी त्यांनी तिथे लावली होती. माझ्याकडे टक लावून बघत त्यांनी ते सगळं पाणी तिच्या बुडाशी ओतलं, आणि रिकामा तांब्या मला परत दिला. चेहरा असा, की मौन नसतं तर खो खो हसले असते.

दुसऱ्या दिवशी ते गाभाऱ्यातून बाहेर आले, ओल्या सोवळ्यात, हातात वाटी. माझ्या पापण्यांना गंधोदक लावलं. थंडीचे दिवस होते. "आता किंचाळत न्हाईस व्हय गं?" ते म्हणाले.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं त्यांना असे अभिषेक मिळाले. मग एका दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. कॅन्सर नव्हे, हृदय. डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही तर त्यांना बरं केलं होतं." खरं होतं ते.

तांब्या मी टिळकवाडीला आणला. मी उपास करत नाही, मला जमत नाही, भूक लागली की माझं डोकं फिरतं. पण चतुर्दशीला सकाळी पाणी गाळते, उकळते, निववते, तांब्या भरून बाल्कनीत जास्वंदीच्या कुंडीपाशी ठेवते. कुकरची शिट्टी होते, मी आत जाते. परत येते तेव्हा तांब्या भरलेलाच असतो.